वजनाच्या ऑपरेशननंतर व्यायामाला धीर कसा धरायचा

नवरात्रातल्या दुसऱ्या दिवशी पहाटे दुर्गामाता दौड आमच्या गल्लीतून गेली तेव्हा मी उंबऱ्यावर आरतीचं ताट घेऊन उभी होते. पांढरे कपडे, भगवे फेटे, अनवाणी पाय, सगळ्यांत पुढं ध्वज. माझा पोरगा त्यातच होता. दारावरून जाताना ओरडला, "आई, दोन गल्ल्या तरी चल की!" ऑपरेशन होऊन तेव्हा साडेपाच आठवडे झाले होते. अकरा किलो उतरले होते आणि पाय असे हलके झाले होते की ताट खाली ठेवून निघावंसंच वाटलं. पण तीन महिने धावायचं नाही असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. मी गेले नाही. आत येऊन ताट ठेवलं आणि देव्हाऱ्यापुढं बसून रडले.

वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल खाण्याचं सगळे सांगतात. किती घोट प्यायचे, मऊ भात कधी, अंडं कधी. व्यायामाबद्दल एकच वाक्य मिळतं: "हळूहळू वाढवा." हळूहळू म्हणजे किती, आणि मन पुढं पळत असताना पायांना थोपवायचं कसं, हे मला कुणी बसून सांगितलं नाही. मला जे उमगलं ते इथं मांडते. तुमच्या डॉक्टरांनी दिलेले आकडे वेगळे असतील तर त्यांचेच खरे. जठराचा बायपास झालेल्यांचं, आधीपासून हर्निया असलेल्यांचं गणित वेगळं असतं.

माझी माहिती थोडक्यात: वय 44, उंची पाच फूट दोन इंच, ऑपरेशनच्या दिवशी वजन 112 किलो. बेळगावच्या शहापुरात घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. ह्यांचे माग वडगावला. बीपीची गोळी सात वर्षांपासून, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. श्रावण सरता सरता बेळगावातच स्लीव्हचं ऑपरेशन झालं.

आतला कच्चा टाका

स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि उरलेली नळी बारीक धातूच्या पिनांच्या ओळीनं बंद करतात. हे सगळं पोटावरच्या चार-पाच लहान भोकांतून होतं. बाहेरून बघाल तर बोटाच्या पेराएवढे व्रण, बाकी काही नाही. त्यातलं एक भोक जरा मोठं असतं, कारण कापलेला भाग तिथूनच बाहेर काढतात. कूस बदलताना सगळ्यांत जास्त दुखतं ते बहुतेक तिथंच.

मला हे नीट कळलं ते माझ्या धंद्यावरून. ब्लाउज शिवताना आधी कच्चा टाका घालतो. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला की ब्लाउज तयार झाल्यासारखाच दिसतो, पण तिनं हात वर केला की काखेत उसवतो. जखमेचं तसंच. तिसऱ्या आठवड्याला सांधलेल्या जागेत मूळ ताकदीच्या पाव ते तृतीयांशच ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी ती 80 टक्क्यांच्या आसपास जाते. आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यातच आपल्याला एकदम बरं वाटायला लागतं. दुखणं गेलेलं असतं, साडी सैल झालेली असते, जिना चढताना धाप लागत नाही. बरं वाटणं पुढं निघून गेलेलं असतं आणि बरं होणं मागून येत असतं. धीर धरायचा तो ह्या मधल्या दिवसांत.

मला तो धरता आला नाही, म्हणून पुढचं सांगते.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आलं की घरातलं भांडं न् भांडं भरून घ्यायचं. ऑपरेशनच्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी पाणी आलं आणि घरात मी एकटी. पितळेची घागर नळाखाली लावली. ती भरत होती तेव्हा मनाशी पक्कं होतं की उचलायची नाही, तांब्यानं उपसून घ्यायचं. घागर भरली, काठावरून पाणी वाहायला लागलं, मोरीत जाऊ लागलं. ते वाया जाणारं पाणी बघवेना. दोन्ही हातांनी गळा धरला, गुडघ्याचा टेकू दिला आणि घागर उचलून कट्ट्यावर ठेवली. पाच-सहा सेकंदांचं काम. तेव्हा काहीच दुखलं नाही. उलट अंगात ताकद आली म्हणून बरंच वाटलं. दुपारी मोठ्या भोकाच्या जागी ओढ लागल्यासारखं व्हायला लागलं. रात्री खोकला आला तेव्हा पोट दोन्ही हातांनी दाबून धरलं तरी डोळ्यांत पाणी आलं. सकाळी दवाखाना, सोनोग्राफी. नशिबानं स्नायूच ताणला होता. भोकाच्या जागेतून आतडं बाहेर डोकावलं असतं, म्हणजे हर्निया झाला असता, तर पुन्हा ऑपरेशनची पाळी होती. तरीही पुढचे चार दिवस माझं चालणं निम्म्यावर आलं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला: आजच्या कामाचा निकाल उद्या सकाळी लावायचा. करताना सोपं गेलं, ह्याला काही किंमत द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी उठल्यावर ओढ नाही, थकवा नाही, कालच्याइतकंच चालवतंय, तर कालचं माप बरोबर. तेच माप तीन दिवस ठीक गेलं की थोडं वाढवायचं. तोवर नाही.

किलो ओळखायला शिका

मला सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं लिहून दिलं होतं. पाच किलो म्हणजे किती, हे आपल्या हातांना कळत नाही, कारण हात जन्मभर पंधरा-वीस किलो उचलत आलेत. पाण्यावरून हिशोब सोपा पडतो: एक लिटर म्हणजे एक किलो. दोन लिटरच्या दोन भरल्या बाटल्या झाल्या की मर्यादा जवळजवळ संपली. दहा लिटरची बादली म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. घागर त्याहून जास्त. गॅसच्या टाकीत नुसता गॅसच 14.2 किलो असतो, लोखंडाचं वजन धरून टाकी तीसच्या घरात जाते. ती उचलायची तर नाहीच, तिरकी करून फिरवत न्यायचीही नाही. भिजलेली चादर, भरलेला मोठा कुकर, तांदळाचं पोतं, बहिणीचं अंगावर झोपलेलं पोर, सगळं त्याच यादीतलं.

उचलणं म्हणून जे मनात येत नाही पण पोटावर तेवढाच जोर टाकतं, त्याची यादी मी स्वतः करत गेले. स्कूटर डबल स्टँडला लावणं. परातभर भाकरीचं पीठ मळणं. कपाट सरकवणं. जमिनीवर कापड पसरून वाकून कापणं, जे माझं रोजचं काम. आणि शौचाला कुंथणं. हे शेवटचं कुणी बोलत नाही. पाणी कमी जातं, लोहाच्या गोळ्या चालू असतात, मग पोट साफ होत नाही आणि बाई कुंथत बसते. लाजू नका, डॉक्टरांकडून औषध मागून घ्या. खाली बसायचा संडास असेल तर पहिल्या दिवसांपुरती कमोडची खुर्ची आणा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की उशी पोटाशी घट्ट धरा. अंथरुणातून सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर भार देऊन उठा.

घागरीच्या प्रकारानंतर मी मोरीच्या दारावर कागद चिकटवला: "घागर, बादली, टाकी, ओल्या चादरी: दसऱ्यापर्यंत नाही." सासूबाईंना आधी ते आवडलं नाही. घरात सून असताना पोरानं पाणी भरायचं म्हणजे काय, असं त्यांना वाटलं. पण लिहिलेल्या तारखेशी वाद घालता येत नाही. आठवड्याभरात त्याच कागदाकडं बोट दाखवून त्या पोराला हाक मारायला लागल्या. तुमच्या घरीही तोंडी सांगू नका, तारखेसकट लिहून लावा. "जमेल तेव्हा करीन" म्हटलं की घरातली कामं वाट बघत बसतात आणि आपल्यालाच अपराधी वाटत राहतं.

मग करायचं काय

चालायचं. ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी मला उभं केलं. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हे चालणं. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळं खांदा दुखतो, तोही चालण्यानं कमी होतो. तीन चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र देतात, त्यातून श्वास आत ओढायचा, म्हणजे छातीत कफ साठत नाही. हा व्यायामच आहे, टाळू नका.

मी वॉर्डात भराभर चालायला लागले तेव्हा गोकाककडची नर्स मागून म्हणाली, "गडबड माडब्याड्री अक्का, निधान, निधान." कन्नडात निधान म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे जपून ठेवलेलं धन. दोन्ही भाषा कानांवर पडत मोठी झालेली मी, पण हा शब्द दोन्हीकडून एकदम ऐकू आला तो त्या दिवशी. पुढचे तीन महिने मी तो स्वतःला रोज म्हणत होते.

घरी आले तेव्हा बेळगावचा पाऊस चालूच होता आणि गल्लीत शेवाळ. आमच्याकडची जुनी घरं अरुंद आणि लांबलचक. उंबऱ्यापासून परड्याच्या दारापर्यंत माझी 31 पावलं होतात. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून सहा वेळा ह्याच 31 पावलांवर. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं, चार वेळा. गणपती त्याच आठवड्यात आले. पाहुण्यांच्या गर्दीतही दर दोन तासांनी मी उठून फेऱ्या घालत होते, आणि लोक समजले की मी सारखी आत-बाहेर कामच करतेय. चौथ्या आठवड्यापासून बाहेर, सलग वीस मिनिटं. सहावा संपता संपता पस्तीस.

वेग किती असावा? चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. हुरूप आवरत नसेल तर वेग वाढवू नका, फेरी वाढवा. मला हा उपाय सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. मन "अजून, अजून" म्हणत असेल तर त्याला नाही म्हणायचं नाही. दोन तास थांब, आणखी दहा मिनिटं देते, असं सांगायचं. दोन तासांनी बहुतेक वेळा त्यालाच नको असतं. मधल्या वेळात खुर्चीत बसून घोटे फिरवणं, खांदे फिरवणं, खोल श्वास. शिलाई मशीनवर बसायला मला तिसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली, पण अर्ध्या तासानं उठायच्या अटीवर. एका जागी बसून राहणंही पायांना वाईटच.

पहिल्या काही आठवड्यांत दिवसभरात पोटात जेमतेम 500 ते 800 कॅलरी जातात. एवढ्यावर जास्त व्यायाम म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी पळवणं. पाणी दीड लिटर जायला पाहिजे, तेही घोट घोट करून, आणि प्रथिनं 60 ते 80 ग्रॅम. मूग, ताक, पनीर, अंडं. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, म्हणून डॉक्टरांनी दिलेली पावडर टाळू नका. ज्या दिवशी पाणी कमी गेलं त्या दिवशी मी चालणंही कमी केलं. लघवी गडद पिवळी दिसली की समजायचं, आज विश्रांती.

बीपीच्या गोळीचंही लक्षात ठेवा. वजन उतरतं, खाणं कमी होतं, आणि जुनी मात्रा जड पडायला लागते. मला पंचविसाव्या दिवशी देवळातून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. वाटलं अशक्तपणा. बीपी बघितलं तर 96 वर 60. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मधुमेहाची औषधं, इन्सुलिन चालू असेल तर हे आणखी महत्त्वाचं, साखर एकदम खाली जाऊ शकते. गोळ्या मनानं बंद करू नका, पण विचारायलाही थांबू नका.

आणि गुडघा दुखतोय म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून, ती घेऊन चालू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी ह्या नव्या जठरात अल्सर होऊ शकतो. शिवाय दुखणं दाबलं की कुठं थांबायचं ते सांगणारंच कुणी उरत नाही.

काटा अडकतो तेव्हा

तिसऱ्या आठवड्यात वजन अडकतं. बहुतेकांचं अडकतं. माझं 104.5 वर नऊ दिवस हललं नाही. धीर सुटतो तो इथं. वाटतं, व्यायाम कमी पडतोय, उद्यापासून दुप्पट.

कारण साधं आहे. सुरुवातीला उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते, तिच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं थांबलं की हा साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा धाडधाड खाली येतो. मग शरीर थोडा साठा परत भरतं, पाणी परत धरतं. आतली चरबी उतरतच असते, काटा तेवढा दाखवत नाही.

मी काटा कपाटावर ठेवला आणि टेप काढली. माझ्याकडं गिऱ्हाइकांच्या मापांची वही आहेच, तिच्या मागच्या पानावर माझं नाव घातलं: छाती, कंबर, दंड, मुंढा. त्या नऊ दिवसांत कंबर दीड इंच उतरली होती. शेजारच्या रकान्यात चाललेली मिनिटं, पाणी, सकाळची नाडी आणि एक शब्द, "ओढ" किंवा "ठीक". तुमच्याकडं टेप नसेल तर एक जुना ब्लाउज ठरवून ठेवा आणि पंधरा दिवसांनी तोच घालून बघा.

लोकांच्या बोलण्याचं

गिऱ्हाईक बायका मापाला यायच्या आणि म्हणायच्या, "काय गे, नुसतं चालूलालीस? पळायला सुरू कर की, नाहीतर कातडी लोंबल." ह्या कातडीच्या भीतीनं कितीतरी जणी घाई करतात. कातडी किती सैल पडणार हे वय, किती वजन उतरलं, किती वर्षं ते अंगावर होतं, ह्यावर जास्त अवलंबून असतं. सहाव्या आठवड्यात धावून ती घट्ट होत नाही. त्याहून लागणारं बोलणं म्हणजे, "कापून घेऊन बारीक झालीस, घाम कुठं गाळलास?" ह्याला उत्तर देत बसू नका. मी एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं: "डॉक्टरांनी तारीख दिली आहे, त्या दिवशी या." ते शांतपणे म्हटलं की समोरची गप्प होते, आणि आपल्यालाही ती तारीख परत ऐकू येते.

चालणं थांबवून फोन कधी करायचा

बसल्या जागी नाडी 120 च्या वर, ताप 101 च्या वर, पोटात वाढत जाणारं दुखणं, श्वास लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, सारखी उलटी, रक्ताची उलटी किंवा काळं शौच. ह्यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी दवाखान्यात जा. उलट्या बरेच दिवस चालल्या आणि हातापायांना मुंग्या यायला लागल्या तर जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं, तेही लगेच सांगा.

सहा आठवड्यांनंतर

तपासणी करून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ताकदीचा व्यायाम सुरू करा, आणि हा टाळू नका, कारण इतक्या भराभर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. मी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आठ वेळा, भिंतीला हात लावून जोर आठ वेळा, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या हातांत घेऊन दंड वर-खाली, एवढ्यावर सुरू केलं. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचा. दिवाळीनंतर टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर झाडांखालून चालायला जाऊ लागले, आणि मग कपिलेश्वर उड्डाणपुलाचा चढ. एक किलो उतरलं की गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी कमी होतो. हे त्या चढावर मला स्वतःच्या गुडघ्यांत जाणवलं. सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम आणि धावणं तीन महिने झाल्यावरच, तेही एक मिनिट पळून दोन मिनिटं चालणं.

यंदा घटस्थापनेला पहाटे मी पोराबरोबर बाहेर पडले. आमच्या गल्लीपासून कपिलेश्वराच्या देवळापर्यंत, काही पळत, काही चालत. तिथून तो पुढं गेला, मी देवाला हात जोडून परत आले. दुसऱ्या दिवशी उठल्यावर आधी दोन्ही गुडघे वाकवून बघितले, पोटावर हात फिरवला, मग वहीत लिहिलं: 22 मिनिटं, ठीक.